आधी पडायला शिकवा: वस्तादांस आणि ज्युदो प्रशिक्षकांस खुले पत्र

राज्यातील तालमींचे आदरणीय वस्ताद, ज्युदोचे मान्यवर प्रशिक्षक आणि जिल्हा व तालुका क्रीडा संकुलांचे व्यवस्थापक यांस,

सादर नमस्कार.

मी ज्या संकुलात शाळकरी मुलांना ज्युदो शिकवतो, तेथील मोठ्या दालनात मधोमध ताडपत्रीचा एक पडदा असतो. पडद्याच्या अलीकडे ज्युदोची गादी आणि पलीकडे कुस्तीची. मागच्या पावसाळ्यात तो पडदा फाटला म्हणून आठ दिवस उतरवून ठेवला होता, आणि त्या आठ दिवसांतल्या एका संध्याकाळी मी जे पाहिले त्यामुळे हे पत्र लिहायला बसलो आहे. पलीकडे तेरा वर्षांच्या एका मुलाने जोडीदाराचा हात धरला, गर्रकन पाठ वळवली, तो हात खांद्यावरून ओढला आणि धोबीपछाड मारली. अलीकडे त्याच वेळी माझ्याकडच्या एका मुलीने जोडीदारणीची बाही धरली, तशीच पाठ वळवली, तसाच हात खांद्यावरून ओढला आणि इप्पोन सेओई नागे केला. पायांची ठेवण, गुडघ्यांचा वाक, कमरेची उंची, सगळे इतके सारखे होते की दोघांना एकाच गुरूने शिकवले असावे असे वाटले.

फरक पडला तो पुढच्या क्षणी. माझी विद्यार्थिनी उभीच राहिली. तिने जोडीदारणीची बाही सोडली नाही, उलट थोडी वर ओढून धरली. त्यामुळे खाली येणारी मुलगी कुशीवर आली, तिने हनुवटी छातीला लावली, मोकळा हात सबंध गादीवर आपटला आणि लगेच उठून उभी राहिली. पलीकडचा मुलगा मात्र आपल्या जोडीदाराबरोबरच खाली गेला आणि छातीवर छाती टाकून त्याला दाबून बसला. कुस्तीत तेच बरोबर आहे. पण खाली आलेल्या पोराने पडता पडता तळहात गादीला टेकवला होता, आणि दोन्ही अंगांचे वजन त्या मनगटावर आले. हाड मोडले नाही, मनगट नुसते लचकले, पण पुढचे तीन आठवडे तो मुलगा कट्ट्यावर बसून इतरांच्या लढती बघत होता.

मी स्वतः तालमीतला आहे, म्हणून हे सांगण्याचा थोडा अधिकार मला आहे असे मी मानतो. सातारा जिल्ह्यातल्या एका गावात दहाव्या वर्षी मी लंगोट बांधला. पहाटेचे जोर, बैठका, हौद्यातली माती खणणे, तीत तेल, ताक आणि हळद मिसळणे, हे सगळे केले. चौदाव्या वर्षी सरावात माझ्याहून थोराड पोराने मला ढाक मारली, मी घाबरून हात पुढे टाकला आणि गळपट्टीचे हाड मोडले. आमचे वस्ताद मायेचे होते. त्या रात्री ते माझ्या उशाशी बसून होते. त्यांना जे शिकवले गेले होते ते त्यांनी आम्हाला शिकवले, आणि त्यात पडण्याचा धडा नव्हता. पुढे शिक्षणासाठी पुण्याला आल्यावर ज्युदोच्या वर्गात गेलो, तेव्हा पहिले सहा आठवडे मला कोणीही पाडायला शिकवले नाही. मागे पडा, कुशीवर पडा, खांद्यावरून गोलांटी घेऊन उभे राहा, पुन्हा पडा, एवढेच चालले. त्या वेळी मला तो वेळेचा अपव्यय वाटला. आज माझे मत पूर्ण उलट आहे.

आपणा सर्वांना माझे एकच सांगणे आहे. पाडण्याचे डाव जगभर जवळजवळ सारखेच आहेत. ते शिकता येण्याची गुरुकिल्ली पडता येण्यात आहे. आणि ती गुरुकिल्ली आपल्याच गावात, पडद्याच्या पलीकडच्या गादीवर, कोणीतरी रोज वापरत असताना आपण ती एकमेकांकडून घेत नाही.

डाव सारखे आहेत हे मी मोघमपणे म्हणत नाही. ढाक घ्या. प्रतिस्पर्ध्याच्या मानेभोवती एक हात, दुसऱ्या हाताने त्याचा दंड पकडलेला, कंबर आत घालायची आणि त्याला आपल्या नितंबावरून फिरवून खाली आणायचे. ज्युदोत या प्रवेशाला कोशी गुरुमा म्हणतात. फ्रीस्टाइल आणि ग्रीको-रोमन कुस्तीतही तो आहे, फक्त तेथे नियम सांगतो की मानेबरोबर प्रतिस्पर्ध्याचा एक हातही पकडीत असला पाहिजे, नुसती मान आवळून चालणार नाही. हा नियम कशासाठी आहे हे ढाक खाल्लेल्या माणसाला सांगावे लागत नाही. ढाक मारून आपण ज्या स्थितीत खाली येतो, म्हणजे मान काखेत, त्याचा दंड आपल्या पकडीत आणि आपली कूस त्याच्या छातीवर, त्या स्थितीला ज्युदोत केसा गातामे असे नाव आहे. 1964 च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये नेदरलँड्सच्या आंतोन गीसिंक यांनी खुल्या गटाच्या अंतिम लढतीत जपानच्या कामिनागांना याच पकडीत दाबून धरले आणि ज्युदोच्या माहेरघरी सुवर्णपदक जिंकले. गीसिंक ग्रीको-रोमन कुस्तीही खेळत असत. कोल्हापूरच्या एखाद्या जुन्या पैलवानाला तो क्षण दाखवला, तर ‘हे तर आपलंच’ असे तो लगेच म्हणेल.

कलाजंगाची गोष्ट याहून बोलकी आहे. प्रतिस्पर्ध्याच्या काखेखाली शिरून त्याचा एक हात आणि एक मांडी धरून त्याला आडवा खांद्यावर घ्यायचा, हा आपला कलाजंग. ज्युदोचे जनक जिगोरो कानो तरुणपणी अंगाने खूप थोराड असलेल्या एका सहाध्यायाला पाडू शकत नव्हते. त्यांनी पाश्चात्त्य कुस्तीवरचे पुस्तक शोधून काढले, त्यातून खांद्यावर उचलण्याचा हा डाव घेतला, घोटवला आणि त्या सहाध्यायाला उचलून टाकले. तोच डाव काता गुरुमा या नावाने ज्युदोच्या अभ्यासक्रमात बसला. ज्या माणसाने 1882 मध्ये टोकियोतल्या एका बौद्ध मंदिराच्या जागेत आपली शाळा उघडली, ज्याची विद्या आज शंभराहून अधिक देशांत शिकवली जाते, त्याला परक्या कुस्तीतून डाव उचलताना कमीपणा वाटला नाही. त्याने आधीच जुजुत्सू या जुन्या जपानी झुंजविद्येच्या दोन वेगवेगळ्या घराण्यांची विद्या एकत्र केली होती. प्रतिस्पर्ध्याचा तोल आधी मोडायचा, मग शिरायचे आणि मग टाकायचे, हा विचार त्याला त्यांतल्या किटो घराण्याच्या सरावातून स्पष्ट झाला. आपल्याकडे वस्ताद खडाखडीत ‘आधी हलव, मग घे’ असे ओरडतात, तेव्हा ते हेच सांगत असतात.

मग फरक कशात आहे? माझ्या मते तीन गोष्टींत: पायाखाली काय आहे, हातात काय येते आणि जिंकणे कशाला म्हणतात.

मातीचे पहिले. नीट खणलेल्या मातीत टाच रुतते. म्हणून मातीतला पैलवान रुंद आणि खाली बसून उभा राहतो, पाय उचलण्यापेक्षा सरकवतो, आणि ज्युदोतला पाय झाडण्याचा डाव तेथे जवळजवळ निरुपयोगी ठरतो, कारण झाडायला पाय मोकळा सापडतच नाही. ज्युदोच्या गुळगुळीत गादीवर तोच डाव वीज चमकावी तसा लागतो. मातीतून थेट गादीवर आलेली मुले पहिल्या महिन्यात पाय झाडल्याने पडतात आणि गोंधळतात. त्यांना वाटते आपली ताकद कमी पडली. ताकद कमी पडलेली नसते, जमीन बदललेली असते.

पकडीचेही तसेच आहे. मातीत लढताना अंगाला माती लागते, घाम सुकतो, मनगट निसटत नाही. शिवाय जांघ्याला धरून उचलण्याची मुभा असते. गादीवरच्या कुस्तीत अंग घामाने निसरडे होते आणि पोशाखाला हात लावायचा नसतो. म्हणून तेथे दंड, मान आणि कंबर यांभोवतीच्या मिठ्या जास्त, आणि पायांवरचे हल्ले, म्हणजे आपले एकेरी पट आणि दुहेरी पट, सर्वांत किफायतशीर. ज्युदोत बाही आणि गळपट्टी हातात असते. त्या कापडावर दूरवरून तोल मोडता येतो, म्हणून पाठ वळवून मारायचे डाव तेथे फुलले. कुस्तीत पाठ वळवणे धोक्याचे, कारण डाव फसला की प्रतिस्पर्धी मागून कंबर धरतो. धोबीपछाड मातीवर आजही दिसते आणि गादीवरच्या कुस्तीत क्वचित दिसते, त्याचे कारण एवढेच आहे. जपानच्या सुमोत गोल लहान आहे, म्हणून ढकलणे महत्त्वाचे. मंगोलियाच्या बोख कुस्तीत वजनगट नाहीत आणि वेळेची मर्यादा नाही, म्हणून धीर महत्त्वाचा. प्रत्येक ठिकाणी नियमाने काही डाव वाढवले आहेत आणि काही झोपवले आहेत.

तिसरा फरक सर्वांत मोठा आहे. ज्युदोत प्रतिस्पर्धी जोराने, वेगाने आणि ताब्यात राहून पाठीवर पडला की इप्पोन, लढत संपली. त्यामुळे ज्युदोची सगळी बुद्धी त्या एका उड्डाणावर खर्च होते. कुस्तीत तो कितीही उंचावरून पडला, तरी खांदे टेकले नाहीत तर तो चितपट नाही; पोटावर वळला की वाचला. म्हणून पैलवान पडणाऱ्याला सोडत नाही, त्याच्यावरच जातो. खाली गेल्यावरही हाच फरक आहे. पैलवानाला पाठ म्हणजे पराभव. ज्युदोका पोटाखाली हातपाय दुमडून काही क्षण काढू शकतो, आणि पंच पुन्हा उभे करतात. ब्राझिलियन जिउजित्सूचा खेळाडू तर स्वतः होऊन पाठीवर बसतो आणि पायांनी लढतो. एकाच खोलीत या तिघांना खेळवले तर पहिल्या दिवशी तिघांनाही इतर दोघे अडाणी वाटतील.

येथे मला तालमींच्या वस्तादांची हरकत आठवते, आणि ती मी हलकी मानत नाही. ‘पडायला शिकवलं की पोरगं पडतंच,’ असे एका वयोवृद्ध वस्तादांनी मला तोंडावर सांगितले होते. ज्युदोतले पडणे म्हणजे पाठ किंवा कूस टेकवून हात आपटणे. कुस्तीत ते म्हणजे खांदे आयते देणे. ही सवय लढतीत आड येईल, ही भीती खरी आहे. ज्युदोतून कुस्तीत गेलेली माझी दोन मुले पहिल्या स्पर्धेत अशीच हरली. पण या हरकतीचे उत्तर सरावात आहे. मागे पडणे हे फक्त अपघातातून वाचण्यासाठी; खांद्यावरून गोलांटी घेऊन पोटावर किंवा गुडघ्यावर येणे हे लढतीसाठी. दोन्ही शिकवता येतात आणि कोठे कोणते वापरायचे हे चौदा वर्षांच्या मुलाला महिन्याभरात कळते. ती दोन मुले दुसऱ्या वर्षी तशी हरली नाहीत.

आणि त्या हरकतीच्या पलीकडे एक गोष्ट आहे, जिच्यावर मला सर्वांत जास्त भर द्यायचा आहे. ज्याला पडता येत नाही तो सरावात पडू देत नाही. भीती त्याला आखडून टाकते. तो कंबर मागे घेऊन, दोन्ही हातांनी अडवून उभा राहतो. त्यामुळे त्याच्या जोडीदाराला डाव पुरा करण्याची संधीच मिळत नाही. ज्युदोच्या वर्गात एकेक मूल वर्षाला हजारो वेळा टाकले जाते आणि टाकते, कारण पडणारा विश्वासाने पडतो. आमच्या तालमीत डावाचा प्रवेश शेकडो वेळा व्हायचा, पण शेवटचा भाग, उचलून फिरवून जमिनीपर्यंत नेण्याचा, हा फक्त जोरदार लढतीत व्हायचा, आणि तोही त्यांनाच जमायचा ज्यांच्या अंगात मुळात रग होती. बारीक, सावध, हुशार मुले मग पट आणि चकव्यावरच राहायची. ढाक, कलाजंग, धोबीपछाड हे डाव हळूहळू काही मोजक्या पैलवानांचे ‘हुकमी’ डाव होतात आणि बाकीच्यांनी ते फक्त ऐकलेले असतात, याचे मला हेच कारण दिसते. पडणाऱ्याने पडायला शिकल्याशिवाय पाडणाऱ्याला पाडायला शिकता येत नाही.

ज्युदो प्रशिक्षकांनाही मी तितकेच स्पष्ट सांगू इच्छितो, कारण दोष एकाच बाजूला नाही. नुसते ज्युदो हे नाव सुरक्षितता देत नाही. जपानमध्ये 1983 पासूनच्या सुमारे तीन दशकांत शाळांमधील ज्युदोत शंभराहून अधिक मुलांचा मृत्यू झाला. त्यांत नवशिक्यांची संख्या मोठी होती आणि कारण बहुधा डोक्याला बसलेला मार हे होते. मागे पाडणाऱ्या ओसोतो गारीसारख्या डावांत डोके मागे आपटते. पडण्याचा धडा जेथे सर्वांत जुना आहे, तेथेही तो घाईने उरकला की असे होते. आपल्या वर्गात नवीन आलेल्या मुलाला दुसऱ्याच आठवड्यात पट्टा बांधून स्पर्धेला उतरवण्याची जी घाई मी पाहतो, तिची मला काळजी वाटते.

दुसरे असे की, 2010 मध्ये आंतरराष्ट्रीय नियमांनी पायांवर थेट हात घालण्यास आळा घातला आणि 2013 पासून कमरेखालची पकड पूर्णपणे बंद झाली. स्पर्धेसाठी तो नियम पाळलाच पाहिजे. पण त्या दिवसापासून आपण मुलांना पायांवरचा हल्ला ओळखायलाही शिकवणे सोडले. माझ्याकडची पट्टा मिळवलेली मुले तालमीतल्या पोरासमोर उभी केली, तर पहिल्या दुहेरी पटात खाली जातात, कारण हल्ला पायांवर येऊ शकतो ही कल्पनाच त्यांच्या मनात नसते. मोरोते गारी म्हणजे दुहेरी पटच, आणि तो आपल्याच ज्युदोचा डाव आहे. तो स्पर्धेत चालत नाही म्हणून विद्येतूनही गेला, हे मला मान्य होत नाही. कलाजंग आता ज्युदोत पायाला हात न लावता, केवळ बाही ओढून आणि गुडघ्यावर बसून मारतात. त्यात कौशल्य आहे, पण कानोंनी जो डाव घेतला होता तो पाहायचा असेल तर आज तालमीतच जावे लागते.

या देवाणघेवाणीचा इतिहास आपल्याच मातीला येऊन भिडतो, म्हणून थोडा विस्तार करतो. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव 1948 मध्ये लंडनला गेले, तोपर्यंत त्यांची कुस्ती मातीतली होती. गादी आणि आंतरराष्ट्रीय नियम यांची सवय त्यांना तेथे जाऊन करावी लागली, तरी ते सहावे आले. चार वर्षांनी हेलसिंकीत त्यांनी बँटमवेट गटात कांस्यपदक मिळवले. ढाक हा त्यांचा हातखंडा डाव होता. त्याच गटाचे सुवर्णपदक जपानच्या शोहाची इशी यांनी घेतले, आणि खाशाबांची एक हार त्यांच्याकडूनच झाली. हे इशी मुळात ज्युदोका होते. महायुद्धातील पराभवानंतर दोस्त राष्ट्रांच्या प्रशासनाने जपानमध्ये ज्युदोवर निर्बंध घातले, तेव्हा ते कुस्तीकडे वळले. म्हणजे 1952 च्या त्या लढतीत एका बाजूला तांबड्या मातीतून आलेला पैलवान होता आणि दुसऱ्या बाजूला ज्युदोच्या गादीवरून आलेला. दोघेही तिसऱ्याच नियमांत लढत होते आणि दोघेही पदक घेऊन परतले. खाशाबांचा जन्मदिवस, 15 जानेवारी, आता आपण राज्य क्रीडा दिन म्हणून पाळतो. त्या दिवशी त्यांच्या प्रतिमेला हार घालताना त्यांनी अनोळखी गादी किती झटपट आपलीशी केली, हेही मुलांना सांगितले पाहिजे.

कोल्हापूरच्या मोतीबाग तालमीत घडलेले गणपतराव आंदळकर यांनी 1962 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत ग्रीको-रोमनच्या सर्वांत वजनदार गटात सुवर्णपदक मिळवले. ज्या प्रकारात कमरेखाली हात लावायचा नाही, पट नाही, टांग नाही, तो प्रकार मातीतल्या हिंदकेसरीने जिंकला. वरच्या अंगाची पकड, मानेची ताकद आणि मिठीतून उचलणे ही मातीचीच देणगी होती. आणि सोव्हिएत संघाकडे पाहिले तर चित्र आणखी स्पष्ट होते. कोदोकान या कानोंच्या शाळेत शिकून आलेले वासिली ओश्चेपकोव आणि त्यांच्या शिष्यांनी ज्युदोची सांगड जॉर्जिया, आर्मेनिया, मध्य आशिया येथील लोककुस्त्यांशी घातली. त्यातून सांबो घडला आणि 1938 मध्ये त्याला अधिकृत मान्यता मिळाली. 1964 मध्ये ज्युदो पहिल्यांदा ऑलिंपिकमध्ये आला तेव्हा सांबोत तयार झालेल्या सोव्हिएत खेळाडूंनी चार कांस्यपदके नेली. त्यांच्याकडे लोककुस्त्या होत्या, तशा आपल्याकडेही आहेत. त्यांनी दोन्ही एकाच छपराखाली आणल्या आणि आपण मध्ये ताडपत्री बांधली.

मुलींचा प्रश्न येथे आल्याशिवाय राहत नाही. अनेक पिढ्या तालमीचा उंबरठा मुलींना बंद होता, आणि ज्या मुलीला झुंजायचे होते ती ज्युदोच्या वर्गात आली. बेळगाव भागातली मालप्रभा जाधव ज्युदोत घडली आणि 2018 च्या आशियाई स्पर्धेत कुराश या उझबेक कुस्तीत तिने कांस्यपदक जिंकले. कुराशमध्ये जमिनीवरची झुंज नाही आणि पट्ट्याखाली पकड नाही, म्हणजे उभ्याने टाकण्याचीच विद्या. ज्युदोच्या मुलीला ती काही दिवसांत अंगवळणी पडली. 2023 मध्ये सांगलीत महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी झाली आणि प्रतीक्षा बागडीने गदा उचलली. आता तालमींत मुली येत आहेत. त्यांच्यासाठी सरावाला जोड मिळत नाही ही सर्वांत मोठी अडचण, आणि ती जोड बहुतेक ठिकाणी शेजारच्या ज्युदो वर्गात पांढऱ्या पोशाखात उभी आहे.

म्हणून माझ्या विनंत्या अशा आहेत.

वस्तादांनी नव्या मुलाला पहिले सहा आठवडे पडणे शिकवावे. त्यासाठी गादी लागत नाही. रोज खणून मोकळी केलेली माती ही जगातली उत्तम गादी आहे. मात्र ती खरोखर रोज खणलेली असावी. कित्येक तालमींत मुले कमी झाल्यामुळे हौदा आठवड्यातून एकदाच हलवला जातो, आणि खाली दगडासारखा थर बसतो, हे आपणास माझ्यापेक्षा चांगले माहीत आहे. बारा-चौदा वर्षांखालच्या मुलांच्या सरावात ढाक मारताना मानेवर पूर्ण वजन टाकून पडू नये, दंड धरून ठेवावा आणि शेवटच्या क्षणी कूस सरकवावी, एवढा दंडक घालावा. जत्रेच्या फडात तो पाळला जाणार नाही, याची मला कल्पना आहे, पण निदान सरावात तरी पाळला जावा.

ज्युदो प्रशिक्षकांनी महिन्यातून एकदा तरी मुलांना तालमीत न्यावे, पोशाख उतरवून लंगोट-जांघ्यात किंवा साध्या कपड्यांत मातीत उतरवावे, आणि कापडाशिवाय पकड म्हणजे काय असते हे त्यांना अनुभवू द्यावे. मान कशी कमवायची हे आपल्याला तालमीकडूनच शिकावे लागेल; ज्युदोच्या मुलांची मान आणि मनगटे पैलवानाच्या मुलांसमोर कोवळी आहेत. पट अडवणे शिकवावे, स्पर्धेत तो येणार नसला तरीही.

संकुलांच्या व्यवस्थापकांकडे माझे मागणे सर्वांत छोटे आणि सर्वांत सोपे आहे. महाराष्ट्र केसरीत माती आणि गादी असे दोन विभाग एकाच स्पर्धेत वर्षानुवर्षे नांदतात. मग एका दालनातल्या दोन गाद्या आठवड्यातून एक संध्याकाळ एकत्र का नांदू नयेत? दोन्ही गटांचे वेळापत्रक असे आखावे की ती एक संध्याकाळ दोघांची असेल, पहिला अर्धा तास फक्त पडण्याचा असेल आणि नंतर एकच डाव दोन्ही रीतींनी शिकवला जाईल. भिंतीवर एक मोठा तक्ता लावावा. एका रकान्यात धोबीपछाड, ढाक, कलाजंग, दुहेरी पट, टांग. समोरच्या रकान्यात त्यांची ज्युदोतली भावंडे. मुले ती नावे आठ दिवसांत पाठ करतील आणि एकमेकांना चिडवतीलही. एवढ्या कामाला निविदा लागत नाही.

आमच्या संकुलातला पडदा नव्या ताडपत्रीसह पुन्हा बांधला गेला आहे. पण पलीकडचे वस्ताद आणि मी बोललो आहोत. येत्या मंगळवारी संध्याकाळी साडेपाचला तो पडदा आम्ही दोघे मिळून एका बाजूला सारणार आहोत. ज्याचे मनगट लचकले होते तो मुलगाही येणार आहे, आणि त्याला मागे कसे पडायचे हे शिकवायचे काम मी माझ्या त्याच विद्यार्थिनीकडे दिले आहे. ज्युदोचे जुने वीस पोशाख धुऊन ठेवले आहेत. आसपासच्या तालमींतील ज्या वस्तादांना आपली मुले पाठवायची असतील त्यांनी अवश्य पाठवावीत. आणि आमच्या मुलांना त्यांच्या हौद्यात कोणत्या दिवशी उतरता येईल तेही कळवावे.

आपला नम्र,
एक ज्युदो प्रशिक्षक, मूळचा तालमीतला